तीनशे तासांचे गणित

यंत्र बिघडले की थांबवावे, उघडावे, बिघडलेला भाग बदलावा आणि पुन्हा सुरू करावे, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यात एक गृहीतक दडले आहे हे लक्षातही येत नाही. यंत्राला थांबण्याची मुभा आहे, हे ते गृहीतक. इंजिन शेडमध्ये जाते, गिरणीची पाळी संपते, मोट संध्याकाळी सुटते. पण काही गोष्टींना अशी मुभा नसते. जुन्या वाड्यातला वाळवी लागलेला खांब बदलायचा म्हणून वाडा काही बाजूला काढून ठेवता येत नाही. सुतार आधी तुळईला टेकू देतो, मग खांब काढतो, आणि हे चालले असताना माडीवर माणसे नांदत असतात. टेकू लागल्यापासून नवा खांब बसेपर्यंतचा वेळ मात्र घरातल्या जाणत्यांना स्वस्थ बसू देत नाही. खांब कुजका होता तेव्हाही धोका होताच. पण आता तो किती तासांचा, हे मोजता येऊ लागलेले असते.

संगणकांच्या साठवणयंत्रांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास हा बराचसा या मधल्या वेळेचा इतिहास आहे. तो सहसा क्षमता आणि किमतींच्या तक्त्यांतून सांगितला जातो. मला त्यात एका शब्दाची गोष्ट अधिक मोलाची वाटते. तिच्याकडे येईनच.

न थांबण्याची सक्ती प्रथम संगणकावर नव्हे, टेलिफोनवर आली. ३० मे १९६५ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या सक्कासुना या गावी बेल कंपनीचे पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. त्याच्या रचनाकारांपुढे ठेवलेले उद्दिष्ट असे होते, की ४० वर्षांत मिळून ते २ तासांहून अधिक काळ बंद असू नये. रात्री दोन वाजता अग्निशामक दलाला फोन लावणाऱ्या माणसाला 'दुरुस्ती चालू आहे' असे सांगता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण. म्हणून एक्स्चेंजचा मेंदू दुहेरी केला. दोन्ही प्रती एकच काम पायरी-पायरीने करीत आणि एकमेकींशी ताडून पाहत. उत्तरे जुळली नाहीत की चुकते आहे कोण ते शोधायचे, तिला बाजूला सारायचे आणि दुसरीवर काम चालू ठेवायचे.

आता बाजूला सारलेल्या प्रतीतला नेमका कोणता भाग बदलायचा? यासाठी एक कोश तयार केला होता. आधी यंत्रात मुद्दाम हजारो बिघाड घडवून आणले, प्रत्येकापुढे यंत्राने कोणती लक्षणे दाखवली ती नोंदली आणि त्यांचा क्रमवार ग्रंथ छापला. बिघाड झाला की यंत्र एक आकडा छापून देई. दुरुस्ती करणारा तो आकडा ग्रंथात शोधून नेमका भाग बदली. कोशवाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या ग्रंथाची दखल घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. घ्यायला हवी.

साठवणीच्या क्षेत्रात मात्र याच सुमारास वेगळे मानस होते. आयबीएमने १९५६ साली सॅन होजे येथे तयार केलेल्या 'रॅमॅक' या पहिल्या डिस्क-यंत्रात २ फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. एवढे प्रचंड धूड घडवणाऱ्यांचा स्वाभाविक विचार असा, की ते अधिकाधिक मोठे, महाग आणि मजबूत करावे. बिघाडावरचा उपाय म्हणजे रात्रीची चुंबकीय फीत. दिवसाचे काम संपले की सगळा विदा, ज्याला सर्वजण डेटाच म्हणतात, तो फितीवर उतरवायचा. डिस्क गेली तर आदल्या रात्रीची फीत लावायची आणि मधल्या नोंदी पुन्हा करायच्या. बँकेला रात्र होती तोवर हे चालून गेले.

रात्र संपवण्याचे श्रेय कॅलिफोर्नियातील टँडम या कंपनीला द्यावे लागेल. जेम्स ट्रेबिग आणि ह्यूलेट-पॅकार्डमधून बाहेर पडलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७४ साली स्थापन केली आणि १९७६ मध्ये पहिले यंत्र सिटीबँकेला दिले. दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीचे हे नाव सार्थ होते. प्रोसेसर दोन किंवा अधिक, प्रत्येक डिस्कला आरशासारखी दुसरी, प्रत्येक डिस्ककडे जाण्याचे मार्ग दोन. कोणताही एक भाग मेला तरी व्यवहार अडत नसे, आणि मेलेले कार्ड यंत्र चालू असतानाच खेचून काढून नवे बसवता येई. मुंबईच्या शेअर बाजारात १९९५ साली हातवारे आणि आरडाओरडा यांची जागा पडद्यावरच्या 'बोल्ट' या व्यवस्थेने घेतली, तीही टँडमच्याच यंत्रांवर उभी होती.

याच कंपनीत असताना जिम ग्रे यांनी १९८५ साली एक अहवाल लिहिला. संगणक बंद का पडतात, असे साध्या प्रश्नाचे शीर्षक त्याला होते. टँडमच्या ग्राहकांकडून आलेल्या बिघाडांच्या नोंदी त्यांनी चाळल्या, तेव्हा हार्डवेअरचा वाटा १८ टक्के निघाला, आणि यंत्र चालवणाऱ्या, जुळवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या माणसांचा ४२ टक्के. सर्व भाग दुहेरी केल्यामुळे भागांचे मरण निरुपद्रवी झाले होते. एकेरी उरला होता तो माणूस. ग्रे यांना पुढे १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. जानेवारी २००७ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाची होडी घेऊन समुद्रात गेले आणि परतले नाहीत. हजारो अनोळखी माणसांनी उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे तुकड्या-तुकड्यांनी वाटून घेऊन पाहिली. होडी सापडली नाही.

त्या ४२ टक्क्यांत माझाही वाटा आहे, तो येथे कबूल करून टाकतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये पाच डिस्कची रांग होती. त्यातली एक गेली, तरी कामकाज सुरळीत चालू होते. पडद्यावर लिहून आले, 'डिस्क क्रमांक ३ निकामी'. मी नवी डिस्क घेऊन गेलो, खणांवर चिकटवलेल्या आकड्यांतला ३ पाहिला आणि ती डिस्क खेचली. पडदा शून्यापासून मोजत होता आणि चिठ्ठ्या एकपासून. मी काढली ती धडधाकट डिस्क होती. पंख्यांचा आवाज तसाच चालू राहिला, पण खोलीबाहेरून एकापाठोपाठ एक फोन वाजू लागले. आमच्या एका वरिष्ठांनी कपाळाला हात न लावता ती डिस्क पुन्हा खणात सरकवली आणि कंट्रोलरला ती जबरदस्तीने जिवंत मानायला लावले. त्या काही सेकंदांत फारसे काही लिहिले गेले नव्हते, म्हणून निभावले. तरी सर्व फायली तपासून कार्यालय पुन्हा सुरू व्हायला सहा तास लागले. सक्कासुनाच्या हिशोबाने माझ्या वाट्याची एकशेवीस वर्षे मी एका दुपारी खर्चून टाकली.

पाच डिस्कमधली एक गेली तरी काम चालते, ही सोय टँडमच्या आरशाहून निराळी आहे. तिचे तत्त्व प्राथमिक शाळेतले आहे. तीन खणांत ७, ४ आणि ९ हे आकडे ठेवले आणि चौथ्यात त्यांची बेरीज २० ठेवली, तर कोणताही एक खण हरवला तरी उरलेल्यांवरून तो काढता येतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांची सम-विषम तपासणी असते आणि तिला पॅरिटी म्हणतात, पण युक्ती हीच. तिघांच्या सुरक्षिततेसाठी तीन जोडीदार लागत नाहीत, एक पुरतो. आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांना अशा रचनेचे पेटंट १९७८ सालीच मिळाले होते. तिला नाव आणि गणित मिळायला आणखी दहा वर्षे लागली.

ते दिले बर्कली विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात. स्वस्त डिस्कच्या राखीव-सहित रांगा, असा काहीसा अर्थ असलेल्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्यांनी 'रेड' हे नाव केले. प्रस्थापितांवर घातलेली धाड हा त्यातला श्लेष असावा असे मला वाटते. प्रस्थापित म्हणजे ७,५०० मेगाबाइटांचे आयबीएमचे अवाढव्य डिस्क-यंत्र. त्याच्यासमोर त्यांनी वैयक्तिक संगणकांसाठी निघालेली कॉनर कंपनीची साडेतीन इंची, १०० मेगाबाइटांची डिस्क उभी केली. अशा ७५ बुटक्या एकत्र आणल्या तर त्या राक्षसाएवढे साठवतील, आणि सगळ्यांनी एकदम वाचायला घेतले तर त्याच्याहून कितीतरी वेगाने वाचतील.

अडचण एकच होती, आणि निबंधाचा प्रामाणिकपणा असा की ती त्यांनी स्वतःच पुढे मांडली. अशा एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास, म्हणजे सुमारे साडेतीन वर्षे धरले, तर १०० डिस्कच्या रांगेत पहिले मरण सरासरी ३०० तासांत येणार. साडेबारा दिवस! स्वस्त माणसे पुष्कळ घ्यावीत तर रोज कोणी ना कोणी आजारी पडणार, तसेच हे. पण दर दहा डिस्कमागे एक पॅरिटीची डिस्क दिली, तर विदा नष्ट होण्यासाठी एकाच गटातल्या दोन डिस्क जाव्या लागतात, आणि दुसरी जायला हवी ती पहिली बदलून होण्याच्या आत. तिघांनी दुरुस्तीला १ तास धरला. राखीव डिस्क यंत्रातच तयार बसवून ठेवलेली असेल तर तेवढा वेळ पुरे. मग हिशोब येतो तो ८ लाख तासांच्या वर, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षांचा. एका अतिरिक्त डिस्कने साडेबारा दिवसांची नव्वद वर्षे केली. माझ्या वाचनात आलेल्या अभियांत्रिकी लेखनात इतक्या थोड्या आकडेमोडीने इतके मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

यापुढची दहा-बारा वर्षे कारागिरीची आहेत. विजेवर चालू असलेली डिस्क खेचून काढायची आणि दुसरी खुपसायची तर ठिणगी पडू नये, शेजारणींच्या संकेतांत गोंधळ होऊ नये. म्हणून जोडणीतल्या काही पिना मुद्दाम लांब केल्या. डिस्क आत सरकताना जमिनीची पिन सर्वांत आधी टेकते, मग वीज हलकेच भरते, आणि विदा वाहून नेणाऱ्या पिना शेवटी. बाहेर काढताना नेमका उलटा क्रम. हाताला हे काहीच जाणवत नाही. खट् असा एक आवाज येतो.

आता त्या शब्दाकडे येतो. रेडमधला 'आय' हा मूळ निबंधात 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, या शब्दाचा होता. १९९० च्या दशकात अशा रांगा विकणारे मोठे उद्योग उभे राहिले आणि त्यांच्या कपाटांच्या किमतींपुढे 'स्वस्त' हा शब्द शोभेना. हळूहळू त्याच आद्याक्षराला 'इंडिपेंडंट', स्वतंत्र, असा विस्तार चिकटला. आज बहुतेक पाठ्यपुस्तकांत तोच असतो. शब्दांची अशी अदलाबदल विक्रेते नेहमीच करतात, आणि तिच्यात फारसे काही नाही असे मीही मानत असे. पण या नव्या शब्दाने नकळत निबंधातल्या सर्वांत नाजूक गृहीतकावर बोट ठेवले होते. नव्वद वर्षांचा तो हिशोब दोन गोष्टींवर उभा होता. दुरुस्ती तासाभरात होईल, ही एक. आणि एका डिस्कच्या मरणाचा दुसरीच्या मरणाशी काही संबंध नसेल, ही दुसरी.

पहिलीचे काय झाले ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. १०० मेगाबाइटांची डिस्क सेकंदाला १ मेगाबाइट या वेगाने भरायला १०० सेकंद लागत. आजची २० टेराबाइटांची डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइट या वेगाने अखंड भरली तरी २२ तास लागतात, आणि तोवर ती दुसरे काहीही करीत नाही असे धरून. प्रत्यक्षात गिऱ्हाईक दारात उभे असते, त्यामुळे काही दिवसही जातात. क्षमता दोन लाख पटींनी वाढली, वेग केवळ काही शे पटींनी. खांब आणि टेकू यांमधला काळ असा तासाचा दिवस झाला. शिवाय या काळात उरलेल्या सर्व डिस्क आरंभापासून अंतापर्यंत वाचाव्या लागतात. महिनोन्महिने कोणी न उघडलेले कोपरे त्याच वेळी उघडले जातात, आणि कोठे काही बुरसटले असेल तर ते नेमके तेव्हाच कळते. म्हणून पॅरिटीच्या दोन डिस्क ठेवण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

दुसऱ्या गृहीतकाची परीक्षा अधिक नाट्यमय आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये, सॅन होजे याच गावी, साठवणशास्त्राच्या परिषदेत दोन निबंध वाचले गेले. एक गूगलच्या अभियंत्यांचा. लाखाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणातून त्यांना दिसले, की मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी मरणापूर्वी महत्त्वाचा म्हणावा असा कोणताच इशारा दिला नव्हता. दुसरा कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. होय, तेच गिब्सन. एकोणीस वर्षांपूर्वी ज्यांनी बिघाड परस्परांपासून स्वतंत्र धरले होते, त्यांतलेच एक आता सुमारे लाखभर डिस्कच्या नोंदी घेऊन ते गृहीतक तपासायला बसले होते. कारखान्यांच्या पत्रकांवरून वर्षाला ०.८८ टक्क्यांपर्यंत डिस्क जायला हव्या होत्या. सर्रास बदलल्या जात होत्या २ ते ४ टक्के, काही ठिकाणी १३ पर्यंत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मरणे घोळक्याने येत होती. एक डिस्क गेल्यानंतर लवकरच दुसरी जाण्याचा संभव, जुन्या सूत्राने सांगितला असता त्याहून कितीतरी अधिक होता. आपल्याच तरुणपणीच्या सिद्धांताची अशी झडती घेणारे लेखक आपल्या समीक्षेत किती आढळतील, हा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

घोळक्याने का, हे यंत्रगृहात वावरणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. एका रांगेतल्या डिस्क बहुधा एकाच खोक्यातून आलेल्या असतात. एकाच कारखान्यात एकाच महिन्यात घडलेल्या, एकाच ट्रकमध्ये हादरे खाल्लेल्या, एकाच दिवशी बसवलेल्या; एकाच पंख्याची हवा आणि एकाच वीजपुरवठ्याचे झटके त्यांनी सोसलेले असतात. संख्येने त्या दहा असतात खऱ्या, पण त्यांची कुळी एक असते.

या ठिकाणी मला पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण होते, आणि ती ओढूनताणून आणलेली वाटू नये म्हणून कारण सांगतो. महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करण्याचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे हस्तलिखितांचा ढीग होता आणि एकाच श्लोकाचे नाना पाठ होते. बहुमताने निकाल लावावा, म्हणजे तीसांत जो पाठ तो खरा आणि तिघांत जो तो खोटा, हे सोपे झाले असते. पाठचिकित्सक तसे करीत नाही. त्या तीस पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असतील तर तिची चूक तिसांनी इमानाने उचललेली असते आणि साक्षीदार म्हणून त्या मिळून एकच भरतात. म्हणून तो पोथ्या मोजण्याआधी त्यांच्या वंशावळी लावतो. उत्तरेची परंपरा कोणती, दक्षिणेची कोणती, एकीवर दुसरीचा संस्कार झाला आहे का, हे पाहतो. दूर काश्मीरच्या शारदा लिपीतली पोथी आणि दूर केरळची मल्याळम् लिपीतली पोथी एकच शब्द सांगतात तेव्हा त्या दोघींच्या साक्षीला मोल येते, कारण त्यांची गाठ पडलेली नसण्याचाच संभव अधिक. रांगेसाठी डिस्क विकत घेताना त्या निरनिराळ्या खेपांमधून घ्याव्यात असा जो अलिखित नियम जुनेजाणते व्यवस्थापक पाळतात, तो याच जातीचा आहे.

गूगलने आपली साठवण ज्या पद्धतीने रचली तिचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे, आणि त्यात ही कुळीची जाण आरंभापासूनच दिसते. विदा ६४ मेगाबाइटांच्या तुकड्यांत तोडायचा, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती करायच्या, आणि त्या वेगवेगळ्या यंत्रांवरच नव्हे तर वेगवेगळ्या मांडण्यांवरही पडतील असे पाहायचे, कारण एका मांडणीतली यंत्रे एकाच तारेवर जगत असतात. एक यंत्र गेले की त्याच्या जागी दुसरे आणून ते काठोकाठ भरत बसायचे नाही. त्यावरचे तुकडे शेकडो यंत्रांवर आधीच विखुरलेले असतात; ती सगळी मिळून हव्या त्या प्रती आपापसांत करून घेतात.

त्या निबंधात एक प्रयोग नोंदलेला आहे. लेखकांनी ६०० गिगाबाइट साठवलेले एक यंत्र मुद्दाम मारले. त्यावरच्या सर्व तुकड्यांच्या प्रती २३.२ मिनिटांत पुन्हा उभ्या राहिल्या. मग त्यांनी एकदम दोन यंत्रे मारली. या वेळी २६६ तुकडे असे निघाले की ज्यांची जगात एकेकच प्रत उरली होती. व्यवस्थेने इतर सर्व कामे मागे सारून आधी तेवढे तुकडे उचलले आणि दोन मिनिटांच्या आत प्रत्येकाला एक जोडीदार करून दिला.

मेलेली यंत्रे मात्र मांडणीत तशीच पडून राहतात. त्यांची घाई आता कोणाला नसते. सवडीने केव्हातरी एक माणूस ढकलगाडी घेऊन येतो. त्याच्या हातात चिठ्ठी असते, आणि कोणत्या खणात हात घालायचा तो आकडा तिच्यावर लिहिलेला असतो.